आंधळी मोजणी

प्रश्न विचारायला पहिला हात वर झाला तो सुनेत्राचा. शशिधरला आधी वाटलं, मागची खिडकी लावून घ्या म्हणून ती कुणाला तरी खुणावतेय. लग्नाला पंचवीसेक वर्षं होऊन गेली होती आणि एवढ्या वर्षांत त्याच्या एकाही भाषणात तिनं तोंड उघडलं नव्हतं. ती मागच्या रांगेत बसायची, भाषण संपलं की वड्यांच्या ट्रेवरची फॉइल काढायला उठायची. आज मात्र ती उभी राहिली, साडीवरचं कार्डिगन पुढून घट्ट धरून, आणि साउथहॅम्प्टनच्या मराठी मंडळाच्या भरल्या हॉलमध्ये म्हणाली, “अहो, ते जिनिव्हाचं तुमचं टकरींचं यंत्र परवा सुरू झालं, त्याचा आणि आपल्या घरातल्या राउटरचा काही संबंध असतो का? म्हणजे शेवटी सगळी किरणंच ना? माझं डोकं त्या राउटरनं भणभणतं, हे तुम्हाला माहीत आहे. पण म्हटलं, इथे विचारलं तर सांगाल.” दोन-तीन बायका ‘अहो’लाच हसल्या होत्या. शशिधरच्या मागे पडद्यावर त्या यंत्राच्या बोगद्याचा फोटो होता, निळ्या नळकांड्यांची न संपणारी रांग; त्यानं एकदा त्या फोटोकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि सफाईदारपणे म्हणाला, “संबंध एवढाच, की तिथे टक्कर घडवायला सत्तावीस किलोमीटरचा बोगदा लागतो. आमच्याकडे स्वयंपाकघर पुरतं.” हॉल खदखदून हसला. सुनेत्राही हसली, पण सगळ्यांचं हसून होत आल्यावर, आणि खाली बसताना तिची दोन बोटं कानशिलावर गेली. शशिधर पुढच्या प्रश्नाकडे वळला. प्रश्न होता, मोबाइल शर्टाच्या खिशात ठेवावा की पँटच्या.

म्हणजे बारा वर्षं ज्या यंत्रासाठी घासली, ते सुरू झालं त्याच आठवड्यात लोकांना पडला तो खिशाचा प्रश्न. कुणाला यंत्रातून काळं विवर निघून आपण सगळे गिळले जाऊ असं वाटत होतं, कुणाला शाळेच्या छपरावर मोबाइलचा टॉवर बसवू द्यावा का हे हवं होतं, आणि सगळ्यांच्या लेखी हे एकच खातं होतं: किरणं, आणि त्या खात्याचा माणूस शशिधर. त्यानं पहिल्या वीस मिनिटांत सांगितलं होतं, अगदी मराठीत सांगितलं होतं, की दोन प्रोटॉनच्या टकरीत साधारण चार-दोन उडत्या डासांइतकी ऊर्जा असते, फक्त ती इतक्या बारीक जागेत कोंबलेली असते की तिथे नवे कण जन्मतात. आणि राउटरच्या लहरींत रेणूतला एक साधा बंध तोडायचीही ताकद नसते. ते एक जग, हे दुसरं. परत जाताना नीनाच्या गाडीत त्यानं हेच पुन्हा सुरू केलं. नीना इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, पुण्याच्या दिवसांपासूनची मैत्रीण, हॉलमध्ये न हसलेली बहुधा एकटीच. पोर्ट्सवुडच्या सिग्नलला गाडी थांबल्यावर ती म्हणाली, “शशी, राउटरनं तिला काही होत नाही हे मलाही माहीत आहे. त्याला तुझे प्रोटॉन कशाला लागतात? युअर कोलिजन्स आर निदर हिअर नॉर देअर. ह्या बाबतीत तू आणि हा समोरच्या बसचा ड्रायव्हर सारखेच. शी इज इन पेन. कशानं, ते शोध ना.” मागच्या सीटवर रिकामे डबे मांडीवर घेऊन सुनेत्रा बसली होती. शशिधरला बस ड्रायव्हर झोंबला, आणि घरी पोचेपर्यंत झोंबत राहिला.

पुढच्याच शुक्रवारी यंत्र बिघडलं. थंडगार हेलियम बोगद्यात फुटून निघालं, चुंबकं जागची हलली, आणि ईमेलवर ईमेल येत राहिले की यंदा काही नाही, बहुधा पुढल्या वर्षीही उशिराच. शशिधरच्या आयुष्यात असा रिकामा काळ कधी आला नव्हता. ह्या यंत्रातून येणाऱ्या आकड्यांची वाट बघत त्याचे केस गेले होते. ते कसे चाळायचे, कुठल्या चाळणीतून काय खाली पडू द्यायचं, ह्याची सगळी तयारी करून तो ताटावर बसला होता आणि ताटच काढून घेतलं गेलं होतं. युनिव्हर्सिटीच्या निळ्या बसमधून तो घरी यायचा, पायऱ्यांवर छत्री झटकायचा, आणि आत सुनेत्रा एका हातानं कानशील दाबून दुसऱ्या हातानं कणीक मळत असायची. ती आता मागच्या बॉक्स रूममध्ये झोपत होती. बेडरूमच्या बरोबर खाली जिन्यापाशी राउटर, म्हणून तिनं गादी उचलून त्या खोक्याएवढ्या खोलीत नेली होती, इस्त्रीचा बोर्ड आणि जुन्या सूटकेसेसच्या मधे. त्यातच कार्डिफहून ऋजुताचा, इथेच वाढलेल्या त्यांच्या मुलीचा, फोन आला. स्पीकर लावला होता. “बाबा, आईचा डोकं रोज दुखतो, तू काय करतोय? तिला माझ्याकडे पाठव ना. आय मीन इट. सहा महिने. माझी फ्लॅटमध्ये मी वायफाय घेतलाच नाही.” सुनेत्रानं कणकेचे हात तसेच धरून शशिधरकडे पाहिलं. तिला जायचं होतं. हे इतकं स्वच्छ तिच्या चेहऱ्यावर होतं की त्याला एकदम राग आला. एका प्लास्टिकच्या डबीला घाबरून त्याची बायको घर सोडणार, आणि मंडळात सांगितलं जाणार की कणवाल्याच्या घरात कणांनीच फूट पाडली. “आपण मोजू,” तो म्हणाला. “नीट मोजू. राउटरचा दोष निघाला तर मी स्वतः तुला गाडीत घालून कार्डिफला सोडतो. नाही निघाला तर हा विषय पुन्हा ह्या घरात काढायचा नाही, आणि गादी जागेवर.” सुनेत्रा लगेच हो म्हणाली. त्याच्या मोजण्यावर तिचा फार विश्वास होता.

काम त्यानं झकास केलं, ह्यात शंका नाही. राउटर बुटांच्या खोक्यात घातला, त्याच्या दिव्यांवर काळी टेप चिकटवली. एका जुन्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहिला, जो लहर लागेल तसा राउटर चालू-बंद करील आणि कधी काय केलं ते स्वतःपाशीच ठेवील. ते शशिधरलाही दिसणार नव्हतं. दोघांनीही घरात इंटरनेट वापरायचं नाही, वापरायचं तर लायब्ररीत. सुनेत्राच्या कार्डिगनच्या खिशात दारावरच्या बिनतारी बेलचं बटण दिलं. डोकं भणभणायला लागलं की दाबायचं, लॅपटॉप वेळ टिपेल. त्या बटणाच्याही लहरी असतील की, असं ती एकदा चाचरत म्हणाली, आणि त्यानं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तिनं बटण खिशात टाकलं. “आमच्यात ह्याला आंधळी मोजणी म्हणतात,” त्यानं समजावलं. “उत्तर आधी बघायचं नाही. प्रश्न कुठला, तो कसा सोडवायचा, सगळं आधी ठरवायचं, मगच पेटी उघडायची. आणि एकदा उघडली की दुसरं काही हुडकत बसायचं नाही. नाहीतर आकड्यांच्या ढिगात माणसाला हवं ते दिसतं, ढगात हत्ती दिसतो तसं.” सुनेत्रानं मान डोलावली. तिनं ते एखाद्या व्रतासारखं पाळलं. भाजी फोडणीला टाकता टाकता हात पुसून खिशात घालायची, टीव्ही बघताना, कपडे वाळत घालताना. एकदा शशिधर तिच्याशी बागेच्या कुंपणाबद्दल बोलत असताना वाक्य अर्ध्यावर तिनं खिशात हात घातला आणि “बोला तुम्ही, माझं ऐकणं चालू आहे” म्हणाली. संध्याकाळी तिला जास्त व्हायचं. त्याचंही कारण तिनं स्वतःच शोधून काढलं होतं: सगळा रस्ता कामावरून घरी येतो, सगळे आपापली यंत्रं लावतात, हवा भरून जाते. हे ऐकून शशिधरला हसू आलं. ती चुकत होती, पण चुकण्यात एक पद्धत होती, आणि तिला आपला काहीतरी गुण लागला म्हणायचा, असं त्याच्या मनात आलं. मधे एक आठवडा तो बिघाडाच्या बैठकीला जिनिव्हाला जाऊन आला. आला तेव्हा तिनं दिवाणखान्याचे पडदे धुतले होते आणि आपल्या हातानं सफरचंदाचा मुरंबा केला होता, जो तिनं कितीतरी वर्षांत केला नव्हता. तिचा चेहरा उजळ दिसत होता. बॅग खाली ठेवत त्यानं म्हटलं, पडदे आटले.

पेटी उघडली ती नोव्हेंबरातल्या एका रविवारी, दुपारचं जेवण झाल्यावर. सुनेत्रा भांडी विसळत होती; ऋजुता चारला फोन करून निकाल विचारणार होती. जिन्याखाली स्टुलावर बसून शशिधरनं लॅपटॉप मांडीवर घेतला, आणि बारा वर्षं ज्याची वाट पाहिली तो क्षण असा, बुटांच्या खोक्याशेजारी, मोजे घालून आला. दोन्ही याद्या एकमेकींवर बसल्या. राउटर चालू असताना बटण दाबलेलं आणि बंद असताना दाबलेलं, अगदी जवळजवळ निम्मं निम्मं. नाणं उडवावं तसं. इतकं देखणं शून्य त्यानं कधी पाहिलं नव्हतं. छातीतून एक गरम लाट वर आली. हा आनंद आहे हे त्यानं ओळखलं आणि त्याची लाज वाटून घेतली नाही. आता थांबायला हवं होतं. प्रश्न ठरलेला होता, उत्तर आलं होतं. पण हाताला चाळा असतो. बटणाच्या वेळा त्यानं नुसत्याच एका रेषेवर मांडल्या, सवयीनं, कुणी सुपारी कातरावी तसं. ठिपके सारखे पसरलेले नव्हते. आठवड्याचे पाच दिवस सकाळ-दुपार रेष जवळपास रिकामी, मग संध्याकाळी एकदम दाटी. शनिवारी-रविवारी दिवसभर दाटी. रस्त्यावरची सगळी माणसं घरी येतात, हे तिचंच म्हणणं त्याला आठवलं, आणि तो जरा हसला, की बघ, हिचं हेही म्हणणं तपासता येईल. मग त्याला एक पांढरा पट्टा दिसला. सबंध आठवडा, संध्याकाळी धरून, शनिवार-रविवार धरून, एकही ठिपका नाही. रस्ता तर त्याही आठवड्यात रोज घरी येत होता. त्या आठवड्यात रस्त्यावरून एकच माणूस घरी आला नव्हता.

त्यानं लॅपटॉप किंचित बाजूला वळवला, कुणी बघत असल्यासारखा. स्वयंपाकघरात नळ वाहत होता. हे काही सिद्ध होत नाही, असं तो मनात म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याची बोटं पुढे गेली, कारण ती बोटं दुसरं काही शिकलीच नव्हती. एका बुधवारी सर्दीनं तो दुपारीच घरी आला होता. त्या बुधवारी ठिपके दुपारपासून. एकदा सेमिनार लांबून बस चुकली होती. त्या दिवशी दाटी तेवढीच उशिरा. कामाच्या प्रत्येक दिवसाची दाटी एका पहिल्या ठिपक्यानं सुरू होत होती, आणि तो ठिपका दारात किल्ली फिरण्याच्या किंचित आधी होता. आधी. म्हणजे बसमधून उतरून तो कोपऱ्यावरून वळायचा तेव्हाच तिचं डोकं भणभणायला लागत असणार. यंत्रातल्या आकड्यांत असलं काही दिसलं असतं तर त्यानं रस्त्यात उभं राहून आरोळी ठोकली असती. एवढा ठसठशीत सिग्नल त्याच्या हातून कधी निघाला नव्हता, आणि पुढेही निघणार नव्हता.

त्याला किटली आठवली. साउथहॅम्प्टनमधला त्यांचा पहिला हिवाळा, भाड्याची खोली, खिडकीवर आतून बर्फ. सुनेत्रा किटलीपाशी उभी राहून म्हणाली होती, “अहो, पाणी उकळायच्या जरा आधी हिचा आवाज कमी का होतो?” त्यावर तो बोलला होता, बुडबुडे कुठे बनतात, कुठे फुटतात, वाफ आणि दाब, कागद घेऊन आकृती काढली होती, फार सुंदर समजावलं होतं, आजही त्याला ते समजावणं आठवून बरं वाटलं. चहा गार झाल्यावर ती म्हणाली होती, “मी म्हणणार होते, वाईला आमच्या शेजारच्या काकू असंच करायच्या. रडून रडून गप्प व्हायच्या आणि मग भडका.” तो म्हणाला होता, त्याचा ह्याच्याशी काय संबंध? त्यानंतर तिनं किटलीबद्दल काही विचारलं नाही. त्यानं कधी हात उगारला नव्हता, आवाज चढवला नव्हता, ह्याचा त्याला अभिमान होता. तो फक्त दुरुस्त करायचा. म्हणजे काय, नेमकं सांग. कुणी सांगितलं तुला. असं नसतं ते. घसा खाकरून तो वाक्य तिच्या हातून काढून घ्यायचा, पुसून पुढे ठेवायचा. वाईच्या कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची, मुलं तिच्या तासाला जागा नाही म्हणून खिडकीत बसायची म्हणे. इथे ती कुंडीतल्या रोपाचं नाव सांगतानाही आधी त्याच्याकडे बघते. आणि फोन. बाहेरून पायऱ्या चढताना त्याला ऐकू यायचं, ती ऋजुताशी बोलताना हसायची, पोटातून, मोठ्यानं. किल्लीचा आवाज झाला की, “बाबा आले, ठेवते.” ह्यात त्याला कधी काही वाटलं नव्हतं. बायको फोन ठेवून चहा टाकते, ह्यात वाटायचं काय. आता जिन्याखाली बसल्या बसल्या त्याला ते हसू अर्ध्यावर तुटलेलं ऐकू आलं, इतक्या वर्षांचं सगळं मिळून.

नळ बंद झाला. आता ती हात पुसत येईल आणि विचारील. सांगायला काय लागतं? एक वाक्य. सुनेत्रा, राउटर नाही, मी. हे वाक्य त्यानं जिभेवर घेऊन पाहिलं आणि त्याच क्षणी त्याच्यातला जुना, तालेवार शास्त्रज्ञ उभा राहिला. प्रश्न काय ठरला होता? राउटर. पेटी उघडल्यावर दुसरं काही हुडकायचं नाही, हा नियम कुणी केला होता? तुझं ते तिच्या डोकेदुखीचं, तुझ्या येण्या-जाण्याचं चित्र म्हणजे ढगातला हत्ती. कुठल्याही परिषदेत तुला उभं राहू देणार नाहीत. असं म्हणून तो सगळ्यांपुढे कितीदा तरण्या पोरांची सालटी काढत आला होता. नियम खरा होता. नियमामागे आता एक भेदरलेला म्हातारा दडला होता, हेही तितकंच खरं होतं, आणि शशिधरला ते दोन्ही दिसत होतं. ती कार्डिफला गेली तर बरी होईल. एका आठवड्यात बरी होईल; गाल वर येतील, मुरंबे करील, हसेल. मग तिला कळेल. ऋजुताला कळेल, नीनाला तर तेव्हाच कळेल. सगळा हॉल हसेल. आणि इथे ह्या घरात तो संध्याकाळी छत्री झटकून आत येईल तेव्हा कुणाचंही डोकं दुखणार नाही. त्यानं ठिपक्यांची रेष पुसून टाकली. राउटरचे दोन आकडे तेवढे ठेवले.

फोनवर ऋजुता म्हणाली, “ओके, पण तरी आई येऊ दे ना. जस्ट फॉर अ चेंज.” शशिधर मऊ आवाजात म्हणाला, “बाळा, कारणच उरलेलं नाही ना आता. पळून जाऊन तिचा भ्रम पक्का होईल. शी हॅज टू फेस इट हिअर.” ऋजुतानं मग आईलाच विचारलं, “आई, तुला काय वाटतो?” सुनेत्रा स्पीकरकडे वाकली. “बाबा बरोबर आहेत गं. निम्मं निम्मं आलं. माझ्याच मनाचे खेळ. तू काळजी करू नकोस.” फोन ठेवून ती वर गेली. बॉक्स रूममधून गादी ओढत आणल्याचा आवाज आला, मग पलंगावर चादर झटकल्याचा, मग तिनं सूटकेसेस परत एकावर एक रचल्याचा. शशिधर मदतीला उठला नाही. अंधारून येत होतं. गोदीतून एका क्रूझ बोटीनं निघताना भोंगा दिला, लांब आणि जड.

खाली येऊन ती स्वयंपाकघरातून दोघांचा चहा घेऊनच आली. समोरच्या खुर्चीत न बसता सोफ्यावर त्याच्या शेजारी बसली, बरेच दिवसांनी. “लोकांत तुमचं हसं केलं मी त्या दिवशी,” ती म्हणाली. “उगाच त्या डबीला नावं ठेवली.” तो म्हणाला, असू दे. तिनं चहाचा घोट घेतला. तिच्या कपाळाची शीर उडत होती; इतक्या जवळून त्याला ती स्वच्छ दिसत होती, आणि किती वेळापासून उडतेय हे आता त्याला मिनिटाच्या हिशेबानं सांगता आलं असतं. सुनेत्रानं हात उचलला, कानशिलापर्यंत नेला, आणि कबूल केलेलं आठवून नुसतेच केस मागे सारले. मग अगदी हळू, तंटा वाटू नये अशा बेतानं तिनं विचारलं, “पण मग हे होतं तरी कशानं हो? तुम्ही एवढं सगळं मोजलंत. तुम्हाला त्यात काहीच दिसलं नाही?”

“नाही,” शशिधर म्हणाला. “काहीच नाही.”

“मग नसेलच,” ती म्हणाली, आणि त्याला बरं वाटावं म्हणून आणखी थोडी जवळ सरकली. उठून वर जायला, निदान बागेत एक चक्कर मारून यायला त्याला कुणाची बंदी नव्हती. तो बसून राहिला.